कुत्र्याला ऊन लागले तर?

मे महिन्यातील दुपार. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पहाटे तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे भारे घेऊन परततात. त्यांच्यामागून आलेला घरचा कुत्रा झोकांड्या खात अंगणात येतो आणि कोसळतो. धापा थांबत नाहीत, तोंडातून चिकट लाळ गळते, हिरड्या लालभडक झालेल्या असतात. त्याला ऊन लागले आहे. कोणी म्हणते, "सावलीत निजवा, होईल बरा." हा सल्ला पुरेसा आहे का? विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न आपण भौतिकशास्त्राला विचारू या.

निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांच्या वर गेले, की प्राण धोक्यात येतो. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. हवा 30 अंश असेल तर वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी शरीरातील उष्णता बाहेर पडते. पण मे 2019 मध्ये चंद्रपूरचे तापमान 48 अंशांच्या घरात गेले होते, आणि हवामान खात्याचे तापमापक तर सावलीतच असतात! अशा वेळी सावलीतील हवाही कुत्र्याहून गरम असते. ती त्याला निववत नाही, उलट तापवते. म्हणून सावली हवीच, पण तेवढीच पुरत नाही.

उरतो एकच मार्ग, बाष्पीभवनाचा. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि जिभेवरचे व श्वासमार्गातले पाणी उडवतो. ऊन लागलेल्या कुत्र्याला एवढे पुरत नाही. मग हे काम आपण करायचे.

थोडे गणित करू. 20 किलोच्या कुत्र्याचे तापमान 42 वरून 39 अंशांवर आणायचे आहे. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे 0.83 धरली, तर 20,000 × 0.83 × 3, म्हणजे जवळजवळ 50,000 कॅलरी काढून घ्याव्या लागतील. माठातले 25 अंशांचे पाणी 39 अंशांपर्यंत तापून ओघळले, तर दर ग्रॅममागे 14 कॅलरी नेते. म्हणजे साडेतीन लिटर पाणी लागेल. तेच पाणी अंगावर उडून गेले तर दर ग्रॅममागे सुमारे 575 कॅलरी नेते. मग 90 ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला पाणी पुरे! प्रत्यक्षात यातली काही उष्णता हवेतूनही घेतली जाते, म्हणून पाणी पुन्हा पुन्हा घालावे लागते.

आता उपचार सोपे वाटतील. कुत्र्याला सावलीत, मोकळ्या हवेत न्या. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि केसांखालची कातडी भिजेपर्यंत पाणी ओता आणि पंख्याने किंवा सुपाने वारा घाला. कोरड्या अंगाला गरम वारा तापवतो. ओल्या अंगाला तोच निववतो. ओले पोते पांघरून ठेवू नका. ते गरम होते आणि वारा अडवते. शुद्धीवर असेल तर पाणी पिऊ द्या. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. माणसांच्या तापाची गोळी मुळीच देऊ नका. ती येथे निरुपयोगी आहे, शिवाय कुत्र्याला विषारी ठरू शकते. तापमान 39.5 अंशांवर आले, किंवा कुत्रा कुडकुडू लागला, की थांबा. नंतर तो उठून चालू लागला तरी पशुवैद्याकडे न्याच, कारण मूत्रपिंडांसारख्या अवयवांची हानी मागाहून दिसून येते. मात्र आधी थंड करा, मग प्रवास.

एक इशारा. लाळ आणि झोकांड्या ही पिसाळलेल्या कुत्र्याचीही लक्षणे असतात. अनोळखी कुत्र्याला हात लावू नका. मोठ्या माणसांना बोलवा.

शेवटी एक प्रयोग. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर धरा. एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत दोन्ही आकडे वहीत लिहा. पावसाळ्यातील दमट हवेत पारा कमी अंश का उतरतो, याचे उत्तर सापडले, की दमट दिवशी हवा एवढी तापलेली नसतानाही कुत्र्याला जपावे का लागते, हेही तुम्हीच सांगू शकाल.