हरवलेलं पुस्तक आणि न दिसणारा विस्तव

आज आधी एक कोडं घालते. रंग नाही, रूप नाही, अंगाला वास नाही. समुद्राच्या तळाखालून येतो आणि भाताच्या खाचरापर्यंत पोचतो. ओळखा पाहू कोण?

चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं तेव्हा कुणी म्हणालं वारा, कुणी म्हणालं मीठ. एकाने तर भूत म्हणून सांगितलं! शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, गॅस?" लगेच मागच्या बाकावरून हरकत आली, "बाई, गॅसला तर घाण वास येतो!"

दोघांचंही बरोबर होतं. कोड्याचं उत्तर आहे नैसर्गिक वायू. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती झाली तर माणसाला कळावी, म्हणून तो घरोघरी पोचण्यापूर्वी त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. म्हणजे तो घाण वास हा आपला राखणदारच म्हणायचा.

आपल्याच जिल्ह्यातला पाहुणा

नैसर्गिक वायूत मुख्य असतो मिथेन. आजोळी गोबरगॅसची टाकी पाहिली असेल, तर तिथेही हाच मिथेन भेटतो. शेणातून तो काही आठवड्यांत तयार होतो. जमिनीखालचा वायू मात्र कोट्यवधी वर्षांचा. समुद्रातले बारीक बारीक जीव मेले, तळाशी साठले, त्यांच्यावर चिखलाचे थरांवर थर बसले. वरचा दाब आणि आतली उष्णता यांनी त्यांचं तेल झालं, वायू झाला आणि खडकांच्या बारीक छिद्रांत तो अडकून बसला.

मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' नावाच्या खोदकामाच्या फलाटाने १९७४ साली तळाला भोक पाडलं आणि तेल सापडलं. तेच 'बॉम्बे हाय'. १९७६ पासून तिथून तेल निघू लागलं. त्याच्या जोडीला वायूही होता. तो समुद्रतळावरच्या नळातून किनाऱ्यावर येतो. कुठे, माहीत आहे? उरणला! म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. उरण जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आपलं महाड-पोलादपूर दक्षिण टोकाला.

तुम्ही म्हणाल, "बाई, तो उरणला उतरला, आम्हाला त्याचं काय?" थांबा. अलिबागजवळ थळ इथे खताचा मोठा कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायू, पाण्याची वाफ आणि हवा यांच्यापासून आधी अमोनिया आणि मग युरिया बनवतात. लावणीनंतर बाबा खाचरात जे पांढरे दाणे फेकतात ना, ते दाणे म्हणजे एका अर्थी रूप बदललेला वायूच. ४५ किलोचं पोतं डोक्यावरून नेताना कधी वाटलं होतं, आपण समुद्राखालचा वायू वाहतोय म्हणून?

आणि घरातलं सिलिंडर? त्यातला गॅस हा नैसर्गिक वायूचा भाऊ. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचा बनलेला असतो, आणि दाबाखाली ठेवून त्याचा द्रव केलेला असतो. उरणच्या प्रकल्पात समुद्रातून आलेल्या वायूपासून तोही वेगळा काढतात. दोघा भावांत एक फरक मात्र पक्का ध्यानात ठेवा. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर जातो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. म्हणून वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि विजेचं बटण चालूही करायचं नाही नि बंदही करायचं नाही. बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते.

बांबूच्या नळातला विस्तव

आता जरा लांब जाऊ या. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर 'शेजवान' हा शब्द वाचलाय ना? तो चीनमधल्या सिचुआन प्रांताच्या नावावरून आला. हा प्रांत समुद्रापासून फार दूर. आपल्याकडे पेण-उरणच्या मिठागरांत समुद्राचं पाणी वाफ्यांत सोडतात आणि ऊन आपलं काम करतं. सिचुआनमध्ये समुद्र कुठला? पण तिथे जमिनीखाली खारं पाणी होतं. लोकांनी त्यासाठी खोल खोल विहिरी पाडल्या, पाणी वर काढलं आणि कढयांत आटवून मीठ केलं.

या विहिरी आपल्या विहिरींसारख्या ऐसपैस नव्हत्या, ती वीतभर रुंदीची भोकं होती. बांबूच्या चिवट पट्ट्यांच्या दोराला लोखंडी पहार बांधायची. माणसांनी फळीवर पाय द्यायचा, पहार वर; पाय काढायचा, पहार धाडकन खाली. असं वर्षानुवर्षं. झिगोंग गावातली एक विहीर १८२३ ते १८३५ अशी खणत होते. तिची खोली भरली १००० मीटरपेक्षा थोडी जास्त. आपला रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर उंच. म्हणजे अख्खा रायगड उलटा करून तिच्यात सोडला, तरी तळ गाठणार नाही! आणि हे सारं इंजिनाशिवाय.

खणता खणता काही विहिरींतून वायू येऊ लागला. लोक त्यांना 'आगीच्या विहिरी' म्हणत. मग कुणाला तरी सुचलं की मीठ आटवायला लाकूड कशाला, हाच वायू कढईखाली पेटवू. पण तो न्यायचा कसा? बांबूतून! बांबू उभा चिरायचा, आतली पेरं काढून टाकायची, पुन्हा जुळवायचा आणि लाखेसारखा रोगण लावलेल्या कापडाने घट्ट गुंडाळायचा. एक टोक विहिरीत, दुसरं कढईखाली. कढईतलं पाणी खदखदा उकळतंय आणि बांबू मात्र आतून कोराच, कुठे जळल्याचा डाग नाही!

कसं बरं? तुम्हीच विचार करा. जळायला काय काय लागतं? इंधन आणि हवा. नळात नुसता वायू, हवा नाही. म्हणून आत आग नाही. टोकाशी वायूला हवा भेटते, तिथेच ज्योत. तुमच्या शेगडीच्या रबरी नळीत आग का शिरत नाही, त्याचंही मोठं कारण हेच.

नापास झालेल्या गुरुजींचं पुस्तक

हे बांबूच्या नळाचं वर्णन आपल्याला कुणी सांगितलं? सोंग यिंगशिंग नावाच्या एका गृहस्थाने. त्याचा जन्म १५८७ सालचा. त्या काळी चीनमध्ये मोठा अधिकारी व्हायचं तर राजधानीतली अवघड परीक्षा द्यावी लागे. सोंग तिला पुन्हा पुन्हा बसला आणि दर वेळी नापास झाला. शेवटी एका लहानशा गावी तो शिक्षक म्हणून राहिला. पगार बेताचा.

पण परीक्षेसाठी केलेल्या त्या लांबच्या प्रवासांत त्याने डोळे उघडे ठेवले होते. भात कसा लावतात, साखर कशी करतात, कागद कसा बनतो, मीठ कुठून येतं, अशी सगळी माहिती त्याने गोळा केली आणि १६३७ साली एका मित्राच्या मदतीने चित्रांसह पुस्तक छापलं. पुस्तकाचं नाव 'थिएनकुंग खायवू'. पहिलं प्रकरण धान्याचं आणि शेवटचं रत्नांचं. का? तर त्याच्या मते रत्नांपेक्षा धान्य मोलाचं! प्रस्तावनेत त्याने स्पष्ट सांगून टाकलं आहे की परीक्षेत पुढे जायला या पुस्तकाचा काही एक उपयोग नाही.

झालंही तसंच. ज्याचा परीक्षेला उपयोग नाही ते वाचणार कोण? काही वर्षांत चीनमधलं राज्य बदललं. पुढे बादशहाच्या हुकमाने प्रचंड ग्रंथसंग्रह तयार झाला, त्यातही या पुस्तकाला जागा मिळाली नाही. हळूहळू ते स्वतःच्या देशातच जवळजवळ दिसेनासं झालं.

मग ते वाचलं कसं? परक्यांनी वाचलं म्हणून! जपानमध्ये त्याच्या प्रती पोचल्या होत्या. तिथले लोक चिनी लिपी वाचू शकत. १७७१ साली ओसाका शहरात ते छापलं गेलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या स्तानिस्लास ज्युलिआँ या पंडिताने त्यातले काही भाग फ्रेंचमध्ये नेले. हा माणूस आयुष्यात कधी चीनला गेला नाही, बरं का! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी अभ्यासकांना आपल्या या पुस्तकाचा पत्ता लागला तो जपानी प्रतीमुळे. १९२७ साली ते चीनमध्ये पुन्हा छापलं गेलं. १६३७ ची मूळ प्रत चीनमध्येच एका खाजगी संग्रहातून उजेडात आली ती त्याच्याही नंतर.

याच ज्युलिआँने आणखी एका चिनी पुस्तकाचं भाषांतर केलं. त्याचा लेखक तुमच्या ओळखीचा आहे. इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग! सातव्या शतकात हा भिक्षू भारतभर फिरला आणि पुलकेशी दुसरा राज्य करत असताना महाराष्ट्रातही आला. इथली माणसं साधी पण मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. शत्रूवर चालून जाण्याआधी त्याला खबर देतात, हेही त्याने टिपलं. लिहिलं त्याने चिनी वाचकांसाठी. पण बाराशे वर्षांनी ते फ्रेंचमध्ये आलं, इंग्रजीत आलं आणि तिथून आपल्या धड्यात. आपल्याच पूर्वजांची ओळख आपल्याला चिनी पुस्तकाने करून दिली. आहे की नाही गंमत?

लाल शाईची यादी

आता माझी एक चूक सांगते.

माझ्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. पुस्तकं फाटतील, हरवतील, म्हणून मी त्याला कुलूप लावत असे. कुणी फारच मागे लागलं तर एखादं घरी द्यायची. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अकरा पुस्तकं मुलांकडेच राहिली. वहीत त्या नावांपुढे मी लाल शाईने 'येणे' असं लिहून ठेवलं होतं. मनातून रागही आला होता.

जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला. सावित्री आणि गांधारीचं पाणी घराघरांत शिरलं. त्या दिवसांत आपल्या दोन्ही तालुक्यांत माणसं गेली, घरं गेली. त्यापुढे पुस्तकांचं दुःख ते काय! तरी चिखल उपसून कपाट उघडलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. आत पुस्तकं नव्हतीच. लगदा होता.

मग शाळा सुरू झाली. पोलादपूरच्या बाजूच्या उंचावरच्या वाडीतली एक मुलगी पिशवी घेऊन आली. खाली मान घालून म्हणाली, "बाई, उशीर झाला." पुस्तकाला कव्हर घातलेलं होतं. तिने ते वाचलं होतं, धाकट्या भावाने वाचलं होतं, आजीला वाचून दाखवलं होतं. अकरांपैकी नऊ पुस्तकं अशीच परत आली. कुलपात जपलेलं एकही राहिलं नाही. राहिली ती लाल शाईतली!

आता आमच्या कपाटाला कुलूप नाही. वहीत नावं असतात, पण निळ्या शाईने.

मुलांनो, समुद्राखालचा वायू कोट्यवधी वर्षं तसाच पडून होता. नळ घातला तेव्हा त्याची ऊब झाली. पुस्तकाचंही तसंच आहे. वाचणारा भेटेपर्यंत तेही खडकातल्या वायूसारखं कोंडून पडलेलं असतं. मात्र एक फरक आहे. वायू जाळला की संपतो, धूर कमी असला तरी त्यातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून तो जपूनच वापरायचा. पुस्तक मात्र जितकं वापराल तितकं टिकतं.

तेव्हा आज दोन कामं करा. स्वयंपाकघरातली शेगडी विनाकारण चालू दिसली तर आईला आठवण करा. आणि घरातलं एखादं वाचून झालेलं पुस्तक शेजारच्या मुलाला द्या. परत यायला उशीर झाला, तरी रागावू नका हं!