चेन आधी, टायर नंतर

बुलेटला रुंद टायर बसवून हवा असलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा टायर आधीच विकत घेऊन येतं. 130चा टायर, त्याला साजेशी रिम, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा डिस्कवाला हब. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका शेडमध्ये मी जे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं, तेही असंच सुरू झालं. गाडी जुनी, बिडाच्या इंजिनाची 350. मिस्त्रींनी टायरकडे बघितलंही नाही. गाडीच्या डाव्या अंगाला बसून त्यांनी आधी प्रायमरीचं झाकण खोलायला घेतलं.

कारण जुन्या बुलेटमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी आवळलेला असतो आणि पुढचं स्प्रॉकेट क्लचच्या मागे, प्रायमरीच्या आतल्या झाकणाआड असतं. ते बाहेर सरकवावं तर झाकण आडवं येतं, आत ढकलावं तर गिअरबॉक्स. थोडक्यात, ते आहे तिथेच राहणार. मागच्या स्प्रॉकेटला त्याच्याच रेषेत यावं लागतं आणि टायरला त्या रेषेच्या आत मावावं लागतं. नवी गाडी घडवणारे टाकी, सीट, हँडल यांची चित्रं आधी काढतात. माझ्या मते पहिली रेघ गिअरबॉक्सच्या शाफ्टपासून मागे ओढली पाहिजे. बाकीची गाडी त्या रेघेभोवती बसवता येते.

हिशोब सोपा आहे. या गाडीचा मूळ टायर 3.25-19, म्हणजे रुंदीला साधारण 83 मिलिमीटर. 130चा टायर मधोमध बसवला तर प्रत्येक बाजूला तेवीस-चोवीस मिलिमीटर वाढतात. चेन आणि टायरमध्ये इतकी जागा नसते. टायर उजवीकडे सरकवून चेनला वाट करून देणारे आहेत, पण मग पुढचं चाक एका रेषेत आणि मागचं दुसऱ्या. मिस्त्रींनी ते सरळ नाकारलं. "गाडी सरळ पळाली पायजे, मग शोभा," एवढंच ते म्हणाले. बरीच घासाघीस होऊन 110चा टायर ठरला. 110 म्हणजे बाजूला तेरा-चौदा मिलिमीटरची वाढ, आणि तेवढी जागा निघत होती.

इतका काटेकोरपणा कशासाठी, हे चेन हातात घेतली की कळतं. स्वित्झर्लंडहून इंग्लंडला आलेल्या हान्स रेनॉल्डने 1880 साली मँचेस्टरमध्ये बुश आणि रोलरची चेन बनवली. आजच्या मोटरसायकलची चेन तिचीच वंशज. पिनेवर बुश, बुशवर फिरणारा रोलर. ती वरखाली मुक्तपणे वळते, आडवी मात्र जेमतेम लवते. 520 नंबरच्या चेनमध्ये आतल्या पट्ट्यांमधलं अंतर 6.35 मिलिमीटर, आणि स्प्रॉकेटचा दात त्याहून थोडाच पातळ. रेष चुकली की दात मधोमध न शिरता एका पट्टीला घासत शिरतो. तिथे पट्टी चकाकते, दाताची एक बाजू झिजते आणि चेन आवाज करू लागते. दुर्लक्ष केलं तर ती वेगात उतरते. उतरलेली चेन मागचं चाक जाम करू शकते किंवा पुढे गोळा होऊन गिअरबॉक्सचं आवरण फोडू शकते. म्हणून या कामात "चालतंय की" म्हणणारा माणूस मला चालत नाही.

चेनची रेष दोन तऱ्हांनी चुकते आणि दोन्हींचे उपाय वेगळे. एकीत दोन्ही स्प्रॉकेट समांतर असतात, पण एक आत आणि एक बाहेर. दुसरीत मागचं चाकच तिरकं बसलेलं असतं. पहिली चूक अ‍ॅडजस्टर फिरवून काढायला गेलं की चाक तिरकं होतं आणि एका दोषाचे दोन होतात. मिस्त्री म्हणूनच चाक आधी सरळ करून घेतात. बुलेटला चेन ताणायला खाचांच्या चकत्या असतात. दोन्हीकडे सारख्या खाचा मोजून समाधान मानणारे पुष्कळ, पण झिजलेल्या चकतीच्या खाचेवर भरवसा ठेवता येत नाही. मिस्त्री एक सळई घेतात, तिचं टोक स्विंगआर्मच्या पिव्होटच्या मध्यावर टेकवतात आणि दुसऱ्या टोकाची खूण अ‍ॅक्सलच्या मध्यावर जुळवतात. उजवीकडे आणि डावीकडे अंतर एकच आलं पाहिजे.

या गाडीत ते येईना. टायरसाठी स्विंगआर्म रुंद केला होता, आणि वेल्डिंग थंड होताना लोखंड आकसून सांध्याकडे ओढलं जातं. खाट काटकोनात आहे का हे सुतार जसा कर्ण मोजून बघतो, तसे मिस्त्रींनी पिव्होट आणि अ‍ॅक्सलच्या टोकांमधले दोन्ही कर्ण मोजले. डावा पाय आत आला होता. तो सरळ करून, आडवी पट्टी मारून पुन्हा कर्ण जुळेपर्यंत दुपार गेली. मग दोरा. मागच्या टायरला गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणायचा. मागचा टायर रुंद असल्यामुळे तो पुढच्याला टेकत नाही. दोन्हीकडची फट सारखी असली म्हणजे झालं.

चाक सरळ झाल्यावरच लांब सरळपट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडाला लावली. पुढच्यापासून ते 7 मिलिमीटर आत होतं. यावर अख्खा हब सरकवून रिम पुन्हा मध्यावर आणता आली असती, पण मग उजवीकडची डिस्कही सरकते आणि कॅलिपरचा सगळा बेत बदलतो. स्प्रॉकेटमागे रिंग घालायचं ठरलं.

ती शेजारच्या लेथवर केली. रिंग म्हणजे भोकं पाडलेला जाड वॉशर नव्हे. स्प्रॉकेट हबवर मध्यात राहतं ते बोल्टांमुळे नाही, हबच्या उंचवट्यावर घट्ट बसल्यामुळे. मध्ये रिंग आली की तो उंचवटा स्प्रॉकेटपर्यंत पोचत नाही, म्हणून रिंगलाच पुढे तसा उंचवटा आणि मागे तसंच भोक कापावं लागतं. दोन्ही तोंडं समांतर हवीत, नाहीतर स्प्रॉकेट डुलतं. टर्नरने डायल लावून ते तपासलं. बोल्टही रिंगच्या जाडीइतके लांब घ्यावे लागले, 10.9 ग्रेडचे. हब अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने बोल्टाच्या जाडीच्या दीडपट आटे आत गेले पाहिजेत, हे मिस्त्रींनी खोली मोजून बघितलं. जुनेच बोल्ट दोन-तीन आट्यांवर धरवून गाडी देणारे मी पाहिलेत. माझ्या दृष्टीने तो गुन्हा आहे.

चेन नवीच चढवली. झिजलेली चेन आडवी इतकी लवते की दोष झाकून टाकते, त्यामुळे तपासणीला ती कामाची नाही. दोघांना गाडीवर बसवून चेन आणि टायरमधली फट पुन्हा बघितली. स्विंगआर्म खाली-वर होताना ती कमी होता कामा नये. क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवलं.

तीनचारशे किलोमीटरनंतर चेन उतरवून आतल्या पट्ट्या बघायच्या, असं मालकाला बजावलं. चकाकी दोन्ही पट्ट्यांवर सारखी असेल तर रेष जमली. एकाच बाजूला असेल तर अ‍ॅडजस्टरला हात न लावता गाडी परत आणायची आणि काम पुन्हा सळईपासून सुरू करायचं.