जुनी कॉन्टेसा रोजच्या वापराला: किंमत किती, खर्च किती?

काही दिवसांपूर्वी आमच्या शाखेत एक ग्राहक मुदत ठेव मोडण्यासाठी आले. पंचेचाळिशीचे, खासगी कंपनीत नोकरी. ठेव चार लाखांची होती आणि त्यांना त्यातले तीन लाख हवे होते. कारण विचारले तर थोडे लाजत म्हणाले, "जुनी कॉन्टेसा मिळतेय. लहानपणापासून मनात आहे. ऑफिसला रोज तीच नेईन, म्हणजे पैसे वायाही जाणार नाहीत."

त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. एक हौस, दुसरी गरज. हौसेसाठी पैसे खर्च करण्यात चूक काही नाही. पण हौसेची वस्तू गरजेच्या हिशेबात मांडली की खरा आकडा दिसेनासा होतो. त्या दिवशी आम्ही कागदावर जो हिशेब केला, तोच येथे देत आहोत. आपल्या मनात कॉन्टेसा नसून जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर असेल, तरी रीत हीच राहील.

गाडी नेमकी कोणती?

लांबचा प्रवास वेगात आणि आरामात व्हावा म्हणून बनवलेल्या दमदार गाड्यांना परदेशात 'ग्रँड टूरर' म्हणतात. आपल्याकडे अशा गाड्या जवळजवळ बनल्याच नाहीत. चार दारांची कॉन्टेसा ही काटेकोर अर्थाने ग्रँड टूरर नव्हे, पण लांबच्या प्रवासाची ऐटदार गाडी म्हणून लोकांच्या मनात तिचीच जागा आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ पासून २००२ पर्यंत बनवली. तिचा मूळ आराखडा व्हॉक्सहॉल व्हिक्टर या ब्रिटिश गाडीचा. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन मिळाले.

या तारखा हिशेबासाठी महत्त्वाच्या आहेत. शेवटची कॉन्टेसासुद्धा आता वीस वर्षांच्या पुढे गेली आहे, आणि पहिलीला पन्नास वर्षे २०३४ मध्ये होतील.

'क्लासिक' हा शब्द कायद्यात चालत नाही

विक्रेता 'क्लासिक गाडी' म्हणून भाव वाढवतो. परिवहन कार्यालयात मात्र त्या शब्दाला वेगळी सवलत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच ती बाहेर काढायची असते. म्हणजे व्हिंटेज नोंदणीची गाडी घेऊन ऑफिसला जाण्याचा बेत मुळातच चुकतो.

कॉन्टेसा त्या वयाची नाही, म्हणून ती साधी जुनी गाडी ठरते. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये आहे. महाराष्ट्रासह काही राज्ये जुन्या गाड्यांवर पर्यावरण करही घेतात. दिल्ली व राजधानी परिसरात तर जुन्या गाड्यांवरचे निर्बंध आणखी कडक आहेत आणि त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत. तेथे राहणाऱ्यांनी आजचा नियम परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय एक रुपयाही विसार देऊ नये.

वर्षाचा हिशेब

समजा, गाडी तीन लाखांना मिळाली. महिन्याला ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६,००० किलोमीटर चालवली. शहरात लिटरला ८ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपण आपले आकडे घालावेत.

• पेट्रोल: ७५० लिटर, ७८,७५० रुपये.
• थर्ड पार्टी विमा: १५०० सीसीच्या वरच्या मोटारीला १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७,८९७ रुपये हप्ता आहे. जीएसटी धरून सुमारे ९,३०० रुपये. दर बदलला असेल तर नवा धरावा.
• नोंदणी नूतनीकरण: १०,००० रुपये पाच वर्षांत वाटून वर्षाला २,००० रुपये.
• पीयूसी: वर्षातून दोनदा, अंदाजे ३०० रुपये.
• सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, किरकोळ दुरुस्ती: ४०,००० रुपये.
• गाडी गॅरेजमध्ये असताना रिक्षा किंवा टॅक्सी: ३० दिवस, रोज ३०० रुपयांप्रमाणे ९,००० रुपये.

एकूण १,३९,३५० रुपये. महिन्याला सुमारे ११,६०० रुपये. यात गाडीची किंमत धरलेलीच नाही.

यातला शेवटचा खर्च बहुतेक जण विसरतात. उत्पादन बंद होऊन वीस वर्षे झालेल्या गाडीचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. तो जुन्या बाजारातून शोधावा लागतो, परगावाहून मागवावा लागतो किंवा दुसऱ्या गाडीचा घासूनपुसून बसवावा लागतो. तोवर गाडी उभी. हौसेची गाडी महिनाभर उभी राहिली तर मन खट्टू होते. रोजची एकमेव गाडी उभी राहिली तर नोकरीला उशीर होतो.

लिटरला १६ किलोमीटर देणारी साधी छोटी गाडी तेवढीच चालवली तर पेट्रोल ३९,३७५ रुपयांचे लागते. म्हणजे केवळ इंधनात वर्षाला तेवढाच फरक पडतो. शिवाय हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या गाड्या त्या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे भाग आधी तपासून, लागल्यास बदलून घ्यावेत.

पैसे कोठून आणायचे?

वीस वर्षांवरील गाडीला जुन्या वाहनाचे कर्ज बहुतेक बँका देत नाहीत, कारण अशी गाडी तारण म्हणून टिकत नाही. मग उरतात तीन वाटा.

पहिली, वैयक्तिक कर्ज. तीन लाख रुपये, १४ टक्के व्याज, तीन वर्षे मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे १०,२५० रुपये येतो. एकूण व्याज सुमारे ६९,००० रुपये. वरचे ११,६०० मिळवले की गाडीसाठी महिन्याला जवळपास २२,००० रुपये जातात.

दुसरी, ठेव मोडणे. हप्ता नाही, म्हणून ही वाट स्वस्त वाटते. पण साडेसहा टक्क्यांनी तीन लाखांवर वर्षाला मिळणारे सुमारे १९,५०० रुपये व्याज बंद होते, आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल बहुतेक बँका व्याजदरात कपात करतात.

तिसरी, ठेवीवर कर्ज. त्याचा दर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतो. वर्षभरात फेडण्याची खात्री असेल तर ही वाट वैयक्तिक कर्जापेक्षा बरी.

कोणतीही वाट घेतली तरी एक नियम पाळावा. घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम यांना हात लावू नये. आमच्या ग्राहकांची ती चार लाखांची ठेव मुलीच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी होती, हे हिशेब करता करताच बोलण्यात आले.

विम्यातून किती मिळेल?

पाच वर्षांहून जुन्या किंवा बंद झालेल्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्यात ठरते. आपण तीन लाखांना घेतली म्हणून कंपनी तीन लाख धरेलच असे नाही. सर्वसमावेशक पॉलिसी मिळाली, तरी दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर साधारण ५० टक्के घसारा कापला जातो. ठोकर बसून ४०,००० रुपयांचे पत्र्याचे भाग बदलले, तर त्यातले निम्मे आपल्याच खिशातून जातील. विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वीच विमा कंपनीकडून विमा किंमत लेखी घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी तपासा

१. एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, बँकेचा बोजा आणि थकलेले चलन पाहा. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो.
२. चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहा. जुन्या गाड्यांत दुसरे इंजिन बसवलेले असू शकते. त्याची आरसीवर नोंद नसेल तर नूतनीकरण आणि विम्याचा दावा दोन्ही अडतात.
३. गाडी परराज्यातील असेल तर फॉर्म २८ म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र मागा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तेथे नवी नोंदणी आणि कर आला.
४. विक्रेत्याकडून फॉर्म २९ आणि ३० सही करून घ्या. आरसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज तीस दिवसांत, विमा नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत द्या.
५. आपल्या ओळखीचा मेकॅनिक नेऊन गाडी लिफ्टवर चढवा. इंजिन दुरुस्त होते, पण गंजलेला सांगाडा पैसे खात राहतो.
६. रक्कम बँक खात्यातूनच द्या आणि पावती घ्या.

मग घ्यावी की नाही?

घरात रोजच्या कामासाठी दुसरे भरवशाचे वाहन आहे, कर्ज काढावे लागत नाही आणि दुरुस्तीसाठी वेगळे पैसे बाजूला आहेत, अशा तिन्ही गोष्टी असतील तर जरूर घ्यावी. त्यातली एक जरी नसेल तर थांबावे. थांबण्याच्या काळात महिन्याला ३,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा. वर्षाला ३६,००० रुपये आणि वर व्याज जमेल. ही रक्कम दरमहा सहज बाजूला पडते का, हे पाहिले की गाडीचा खर्च झेपेल का याचे उत्तर आपले आपल्यालाच मिळते.

त्या ग्राहकांनी त्या दिवशी ठेव मोडली नाही. मुलीचा प्रवेश झाल्यावर ते पुन्हा आले आणि आवर्ती ठेव उघडून गेले. ऑफिसला ते अजून स्कूटरवरच जातात. कॉन्टेसा घेतली तर रविवारसाठी घेईन, असे म्हणाले. गाडी तीच, हौस तीच, फक्त तिच्यावर रोजच्या नोकरीचा भार राहिलेला नाही.