कुंपणच शेत खाते तेव्हा...

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपण एरवी सार्वजनिक कारभाराबद्दल म्हणतो. हाच प्रकार शरीरात घडला की त्याला स्वयंप्रतिकार व्याधी किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. जंतूंशी लढण्यासाठी बाळगलेल्या पांढऱ्या पेशी घरच्यांवरच उठतात. सांध्यांवर उठल्या तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात, स्वादुपिंडावर उठल्या तर लहान वयातला मधुमेह, त्वचेच्या रंगपेशींवर उठल्या तर कोड. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या कितीतरी गृहिणींची ग्रंथीही अशाच हल्ल्याने दुबळी झालेली असते.

या आजारांचा विषय निघाला की दोन वाक्ये माझ्या कानावर हमखास पडतात. पहिले, ‘प्रतिकारशक्ती कमी पडली असणार.’ दुसरे, जरा दबक्या आवाजात, ‘आईला आहे ना, मग मुलीलाही होणारच.’ पहिल्यापायी घरात शक्तिवर्धक औषधांच्या बाटल्या येतात. दुसऱ्यापायी जमत आलेली लग्ने मोडतात. म्हणूनच ही दोन वाक्ये शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावीत, असे मला वाटते.

पहिल्या वाक्याचे उत्तर उंदरांनी दिले. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशी तयार होतात. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची ही ग्रंथी काढून टाकली, तर त्याची प्रतिकारशक्ती लंगडी पडेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात घडले उलटेच. उरलेल्या पेशी बेफाम झाल्या आणि शरीराचेच अवयव पोखरू लागल्या. जपानच्या नागोया शहरात या कोड्यामागे लागलेल्या शिमोन साकागुची यांनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या, तेव्हा ते वाचले. म्हणजे टी-पेशींत लढवय्यांबरोबर त्यांना आवरणारेही कोणीतरी होते! १९९५ साली साकागुची यांनी या आवर घालणाऱ्या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. आज त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात.

या पेशींना शिस्त कोण शिकवते? त्याचा धागा अमेरिकेत सापडला. टेनेसी राज्यातील ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात काही नर उंदीर खवले पडलेल्या त्वचेचे जन्मले आणि काही आठवड्यांतच मेले. पुढे वॉशिंग्टन राज्यातील एका कंपनीत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या उंदरांच्या एक्स गुणसूत्राचा शोध घेतला. सुमारे पाच लाख अक्षरांच्या पट्ट्यात वीस जनुके संशयित होती. एकोणीस निर्दोष निघाली. विसाव्यात दोन अक्षरे जास्तीची सापडली! २००१ साली जाहीर झालेल्या या जनुकाचे नाव फॉक्सपी-३. याच जनुकात दोष असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, सततचे जुलाब आणि इसब असा विरळा पण भयंकर आजार होतो, हेही त्याच वर्षी कळले. २००३ साली दुवा जुळला: नियामक पेशी घडवणारे जनुक तेच. या कामासाठी तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच एक पोथी असते, सुमारे तीन अब्ज अक्षरांची. यकृताची पेशी आणि टी-पेशी यांत फरक पडतो तो कोणी कोणता अध्याय उघडला यावरून. फॉक्सपी-३ हे अध्याय उघडण्या-मिटण्याचेच काम करते. त्याच्या हुकमाने पेशी चिथावणीचे अध्याय मिटते आणि संयमाचे उघडते.

आता दुसरे वाक्य, आनुवंशिकतेचे. संधिवातासारख्या नेहमीच्या आजारांत बहुधा असे एखादे जनुक मोडलेले नसतेच. २०१५ साली २१ ऑटोइम्यून आजारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराशी निगडित अशा अक्षरबदलांपैकी सुमारे ९० टक्के बदल प्रथिने घडवणाऱ्या मजकुरात नव्हतेच. त्यांतले बरेचसे प्रतिकार-पेशींतल्या ‘खटक्यां’वर होते, जनुक केव्हा आणि किती चालवायचे हे ठरवणाऱ्या जागांवर. दिवा ठीकच होता. बटण जरा सैल होते, एवढेच.

याचे ठसठशीत उदाहरण लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतून २०२४ साली पुढे आले. एकविसाव्या गुणसूत्रावरचा एक पट्टा आतड्याच्या दाहाशी आणि इतर काही आजारांशी जोडलेला होता, पण तेथे जनुकांचा ठावठिकाणा नव्हता. तो पट्टा दूरच्या ईटीएस-२ या जनुकाचा खटका निघाला, आणि तोही भक्षक पेशींतला. बदललेल्या अक्षरामुळे तेथे हे जनुक गरजेपेक्षा जास्त चालते आणि दाह भडकतो. मात्र हाच बदल अनेक धडधाकट माणसांतही असतो.

म्हणजे वारसा येतो तो शक्यतेचा, शिक्षेचा नव्हे. एकसारख्या जुळ्या बहिणींची पोथी अक्षरशः एकच. तरीही एकीला ऱ्हुमॅटॉइड संधिवात झाला, तर दुसरीला तो होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्केच आढळले आहे. मुलीचा वारसा तर आईशी निम्माच जुळतो. उरलेला वाटा परिस्थितीचा आणि योगायोगाचा. धूम्रपानाने या संधिवाताचा धोका वाढतो, हे तर सिद्धच झाले आहे.

नियामक पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला परत देण्याच्या चाचण्या चालू आहेत. घरगुती उपचार होण्याइतके ते काम सोपे नाही. तोवर डॉक्टरांनी दिलेली, प्रतिकाराला आवर घालणारी औषधे मनानेच बंद करू नयेत. ‘शक्ती वाढवणारे’ काही सुरू करण्यापूर्वीही त्यांना विचारावे. जेथे लगामच सुटला आहे, तेथे घोड्याला आणखी चंदी कशाला? आणि मुलगी पाहायला जाताना तिच्या आईच्या सुजलेल्या बोटांकडे पाहून कोणी कुजबुजले, तर त्यांना त्या जुळ्या बहिणींचा हिशेब जरूर सांगावा.