पेशवा : पुढे उभा राहणारा

मराठी माणसासमोर ‘पेशवा’ हा शब्द उच्चारला की शनिवारवाडा, पगडी आणि थोरल्या बाजीरावांचा घोडा डोळ्यांसमोर येतो. तोच शब्द भोपाळच्या जुन्या शहरात उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या मनात मशिदीतील इमामसाहेब किंवा एखाद्या पंथाचे गुरू उभे राहतात. उर्दूमध्ये ‘मजहबी पेशवा’ हा शब्दप्रयोग नित्याचा आहे. आपल्या अवधपुरीपासून तासाभराच्या अंतरात एका शब्दाचे दोन अर्थ नांदतात, एक राजकारणाचा आणि दुसरा धर्मकारणाचा. रुग्णाचा पूर्वेतिहास घेतल्याशिवाय निदान करू नये, ही आम्हां वैद्यकीय मंडळींची शिकवण. म्हणून या शब्दाचाही पूर्वेतिहास पाहावासा वाटला.

शब्द मूळचा फारसी. ‘पेश’ म्हणजे पुढे, समोर. जो पुढे असतो तो पेशवा. न्यायालयातील ‘पेशी’, व्यवहारातील ‘पेशगी’, दप्तरातील ‘पेशकार’ ही सारी त्याच घराण्यातील मंडळी. मात्र आपली ‘रक्तपेशी’ या घराण्यातील नव्हे. ती संस्कृत ‘पेशी’, म्हणजे मांसाचा खंड. सुश्रुताने शरीरात अशा पाचशे पेशी मोजल्या आहेत. नावे सारखी असली तरी रक्ताचे नाते नाही, हे डॉक्टरांना निराळे सांगायला नको.

दक्षिणेतील सुलतानांच्या दरबारांत पेशवा हे मोठे राजपद होते. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने त्या पदावरून राज्य तोलून धरले. गोवळकोंड्याचे मीर मोमिन अस्तराबादी हे कुतुबशाहीचे पेशवे आणि त्याच वेळी शिया पंथाचे मान्यवर धर्मपंडित. १५९१ साली वसलेल्या हैदराबाद नगरीच्या रचनेचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्यांच्या ठायी शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले होते. पुढे मराठीने एक अर्थ उचलला आणि उर्दूने दुसरा जपला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवछत्रपतींनी पदांची फारसी नावेही बदलली. पेशवा झाला मुख्य प्रधान, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनौबत सेनापती. रघुनाथ पंडितांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ याच प्रयत्नाचे फळ. धर्मखाते पंडितरावांकडे सोपविले होते. पंडितराव आणि न्यायाधीश हे दोघे वगळता बाकीच्या प्रधानांना प्रसंगी तलवार हाती घेऊन मोहिमेवर जावे लागे.

या पर्यायी शब्दांचे विच्छेदन केले, तर मोठी मौज दिसते. ‘प्रधान’ म्हणजे पुढे ठेवलेला. ‘पुरोहित’ म्हणजेही पुढे ठेवलेला. दोन्ही शब्द एकाच ‘धा’ धातूपासून आलेले, एक राजसभेत गेला आणि दुसरा यज्ञमंडपात. म्हणजे पेशव्याला प्रधान म्हणताना कोशकारांनी नुसते नाव बदलले नाही, अर्थही अचूक साधला. ‘पुढारी’ हा आपला अस्सल मराठी शब्दही त्याच जागी उभा आहे.

इतर पदांची जागा निराळी. ‘सचिव’ म्हणजे सोबत चालणारा, ‘अमात्य’ म्हणजे घरातला, निकटचा, आणि ‘मंत्री’ म्हणजे मसलत देणारा. अरबीतील ‘वजीर’ या शब्दाचा संबंध जुने कोशकार ओझ्याशी जोडतात, म्हणजे राज्याचा भार वाहणारा. इंग्रजीतील ‘मिनिस्टर’ हा राज्याचाही असतो आणि चर्चचाही, पण त्याचा लॅटिन अर्थ सेवक. कोणी पुढे, कोणी शेजारी, कोणी ओझ्याखाली. अधिकाऱ्याने नेमके कुठे उभे राहायचे, हे त्याचे नावच सांगते.

शब्दांचे दैव मात्र कोशकारांच्या हाती नसते. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दुराहा येथे तह करून दिला. त्यांच्या मुद्रेवर ‘मुख्य प्रधान’ असे होते, तरी जगाने त्यांना पेशवा म्हणूनच ओळखले. १८१८ साली पेशवाई गेली. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर हिंदीने ‘प्रधानमंत्री’ म्हटले, मराठीने मात्र ‘पंतप्रधान’ म्हटले. दरबारात मागे पडलेला शब्द वर्तमानपत्रांत आणि घराघरांत जिंकला. आपल्या घरांतील मुले शाळेत ‘प्रधानमंत्री’ लिहितात आणि आजोबांशी बोलताना ‘पंतप्रधान’ म्हणतात, त्या दोन शब्दांमागे एवढा इतिहास उभा आहे.

हा बदल अजून थांबलेला नाही. उज्जैनच्या सिंहस्थात आखाड्यांच्या साधूंची जी भव्य मिरवणूक निघते, तिला आजवर ‘पेशवाई’ म्हणत आले. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात आखाड्यांनी हा शब्द फारसी म्हणून बाजूला ठेवला आणि ‘छावनी प्रवेश’ हे नाव घेतले. साडेतीनशे वर्षांपूर्वी रायगडावर जे घडले, त्याचीच ही दूरची आवृत्ती. नाव बदलण्यास हरकत नाही, त्या नावातील कर्तव्य मात्र सोबत आले पाहिजे.

ते कर्तव्य मला कोशात नव्हे, पोलिओच्या केंद्रावर कळले. २००२ साली भारतात पोलिओचे सोळाशे रुग्ण आढळले, त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. डोस दिल्याने मूल पुढे निपुत्रिक होते, अशी अफवा अनेक वस्त्यांत पसरली होती. त्या काळात भोपाळच्या एका जुन्या मोहल्ल्यातील केंद्रावर मी बसत असे. आमची पत्रके, आमच्या पदव्या, आमची समजावणी यांपैकी कशानेही दारे उघडत नव्हती. एका रविवारी तेथील मौलवीसाहेब नातवाला कडेवर घेऊन आले, रांगेत सर्वांच्या पुढे उभे राहिले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आधी याला द्या.” त्यांनी भाषण केले नाही. दुपारपर्यंत आमचा शीतपेटीतील साठा संपत आला होता. देशातील अनेक धर्मगुरूंनी अशीच साथ दिली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण भारतातील वन्य पोलिओचा अखेरचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आमच्यावरही तशी पाळी आली. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडची लस प्रथम आरोग्यसेवकांना देण्यात आली. त्यानंतरच्या आठवड्यांत दवाखान्यात येणारा प्रत्येक पालक परिणामकारकतेच्या टक्केवारीविषयी विचारीत नसे. तो एवढेच विचारी, “डॉक्टर, तुम्ही घेतलीत का?” त्या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर म्हणजेच पेशवेपण.

वाचकहो, या स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर आपल्या संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीची नावे छापलेली असतील. अध्यक्ष म्हणजे देखरेख ठेवणारा, सचिव म्हणजे सोबत चालणारा. पद स्वीकारताना आपण हारतुरे घेतो, छायाचित्र काढतो, ते योग्यच आहे. सोबत त्या शब्दाचा अर्थही घरी न्यावा. मानाच्या पंगतीत पुढे बसणारे पुष्कळ असतात. साथीच्या दिवसांत, अफवेच्या दिवसांत, स्वतःचे मूल कडेवर घेऊन रांगेत पुढे उभा राहतो, त्यालाच समाज मनोमन पेशवा म्हणतो, मग त्याच्या डोक्यावर पगडी असो, टोपी असो, की गळ्यात स्टेथोस्कोप असो.