परदेशी नोकरीला निघण्यापूर्वी बँकेची कामे

परदेशातल्या नोकरीचे तिकीट हातात आले की अनेक खातेदार शाखेत येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "एटीएम कार्ड तिकडे चालेल ना?" खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही गेल्यानंतर इथल्या खात्याचे काय होणार आणि घरच्यांना त्यातून पैसे कसे मिळणार?

काही वर्षांपूर्वी एक खातेदार आखातात वेल्डरच्या नोकरीवर गेले. खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर होते आणि कार्ड व पिन पत्नीकडे होता. दीड वर्षाने कार्डाची मुदत संपली. इथले सिमकार्ड तोपर्यंत बंद पडले होते, त्यामुळे ओटीपीही मिळेना. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. खात्यात पैसे होते, पण खाते बाईंच्या नावावर नसल्यामुळे मला त्यांना नाही म्हणावे लागले. त्यांनी बांगड्या गहाण ठेवून फी भरली. जाण्यापूर्वी अर्धा तास दिला असता, तर हे टळले असते.

खात्याचा प्रकार बदला

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन व्यवस्थापन कायदा, 1999 म्हणजेच फेमा, यानुसार तुम्ही अनिवासी ठरता. त्यानंतर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावे लागते. घरभाडे, पेन्शन, लाभांश असे भारतातले उत्पन्न या खात्यात जमा होते. कर्जाचे हप्ते आणि विम्याचे प्रीमियमही इथूनच जाऊ शकतात.

परदेशातल्या पगारासाठी 'एनआरई' खाते उघडा. हेही रुपयातलेच खाते आहे, पण यातली मुद्दल आणि व्याज दोन्ही हवे तेव्हा परदेशी नेता येतात. अनिवासी असेपर्यंत या व्याजावर भारतात आयकर लागत नाही.

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. 5 लाखांच्या मुदत ठेवीवर 7 टक्के दराने वर्षाला 35,000 रुपये व्याज मिळते असे धरू. एनआरओ ठेवीवर 30 टक्के कर आणि 4 टक्के उपकर मिळून 31.2 टक्के, म्हणजे 10,920 रुपये आधीच कापले जातात. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल, तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळवता येते. एनआरई ठेवीवर काहीच कापले जात नाही. मात्र इथे आधीपासून शिल्लक असलेले रुपये सरळ उचलून एनआरईमध्ये टाकता येत नाहीत; त्यासाठी एनआरओ खात्यातून ठरलेल्या नियमांनुसार आणि मर्यादेत हस्तांतर करावे लागते. ते मुख्यतः परदेशातून आलेल्या पैशासाठी असते.

घरच्यांची सोय

घर चालवणाऱ्या व्यक्तीच्या नावे स्वतंत्र बचत खाते असू द्या. दर महिन्याचा खर्च थेट त्या खात्यात पाठवा. आपले कार्ड आणि पिन देऊन जाणे हा उपाय नव्हे. ते नियमाविरुद्ध आहे आणि अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही. एनआरई खात्यात भारतातल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव जोडता येते, पण पहिला खातेदार हयात असेपर्यंत ती व्यक्ती स्वतःच्या हक्काने खाते चालवू शकत नाही. त्यासाठी अधिकारपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र लागते. ते विश्वासातल्या माणसालाच द्या आणि निघण्यापूर्वी बँकेत नोंदवा. प्रत्येक खात्याची, ठेवीची आणि लॉकरची वारसनोंद तपासा.

जुन्या गुंतवणुकी

पीपीएफ खाते असेल तर ते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही आणि अनिवासी असताना नवे खातेही उघडता येत नाही. पोस्टाच्या बचत योजनांत नव्याने पैसे गुंतवता येत नाहीत. म्युच्युअल फंडात केवायसी बदलून अनिवासी दर्जा नोंदवा आणि विमा कंपनीला नवा देश कळवा.

कराच्या बाबतीत अनिवासी कोण, हे दिवस मोजून ठरते. नोकरीसाठी निघालेला भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिला, तर त्या वर्षी तो अनिवासी धरला जातो. म्हणून सप्टेंबरमध्ये निघणे आणि डिसेंबरमध्ये निघणे यांत कराचा फरक पडू शकतो.

कर्ज आणि एजंट

पहिला पगार हातात यायला वेळ लागतो. घरच्या किमान तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवूनच निघा. सावकाराकडून महिना 3 टक्क्यांनी 1 लाख घेतले, तर वर्षाला 36,000 रुपये नुसते व्याजातच जातात.

नोकरी लावून देणारा एजंट परवानाधारक आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याचे सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त असू शकत नाही. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांना सौदी अरेबिया, कतार, कुवेत यांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा योजना बंधनकारक आहे. दोन वर्षांसाठी 275 रुपये प्रीमियम भरून अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वासाठी 10 लाखांचे संरक्षण मिळते.

निघण्यापूर्वी तपासा

- बचत खाते एनआरओ करण्याचा अर्ज दिला का?
- एनआरई खाते उघडले का?
- घरच्या व्यक्तीचे स्वतंत्र खाते आणि तिच्या नावाचे कार्ड आहे का?
- वारसनोंद आणि अधिकारपत्र झाले का?
- इथला मोबाइल क्रमांक रिचार्ज करून चालू ठेवणार आहात, की परदेशातला क्रमांक बँकेत नोंदवणार आहात?
- सर्व खाती, पॉलिसी आणि हप्त्यांची यादी घरी लिहून ठेवली का?

शेवटची यादी लिहिताना घरच्यांना शेजारी बसवा. पैसे तुम्ही पाठवणार असलात, तरी व्यवहार त्यांनाच करायचे आहेत.