सपक्ष मुंग्यांची ओळख

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की सायंकाळी दिव्याभोवती पंखांचे कीटक गोळा होतात. त्यांना सरसकट मुंग्या म्हटले जाते. परंतु त्यांत पुष्कळदा वाळवीही असते. घरातील लाकडाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा होय. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, शृंगिका मण्यांच्या सरीप्रमाणे सरळ व कंबर रुंद असते. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात आणि बारीक कंबरेवर एक किंवा दोन गाठी दिसतात. राणीची शृंगिका कोपरासारखी वाकलेली असते. नरात हे लक्षण तितके स्पष्ट नसल्याने कंबरेवरच भिस्त ठेवावी.

जाती ठरविणे याहून कठीण आहे. कारण वर्गीकरणाच्या सारण्या बहुतांशी कामकरी मुंग्यांवरून रचलेल्या आहेत. डोरायलस वंशातील नर तर इतका निराळा दिसतो की, १७६४ मध्ये लिनीअसने या वंशातील एका आफ्रिकी जातीच्या नराची गणना गांधीलमाश्यांत केली. यास्तव उड्डाणाच्या वेळी वारुळाच्या तोंडाशीच नमुने घ्यावेत, सपक्ष मुंग्यांबरोबर तेथील कामकरी मुंग्याही मद्यार्कात ठेवाव्यात आणि स्थळ, दिनांक व वेळ यांची नोंद करावी.